फादर मर्सेन आणि एक एकवीस अंकी संख्या

मूळ संख्या व संयुक्त संख्या यांतील भेद आमच्या विद्यार्थी वाचकांस अंकगणिताच्या आरंभींच्या धड्यांतच शिकविला जातो. जिला एक व ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें निःशेष भाग जात नाहीं ती मूळ, आणि जिला जातो ती संयुक्त. सात ही मूळ, पंधरा ही संयुक्त. हें सांगावयास क्षणहि लागत नाहीं. परंतु पुढील संख्या पाहावी : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. दोनाचा सदुसष्टावा घात करून त्यांतून एक वजा केला असतां ही एकवीस अंकी संख्या मिळते. ती मूळ आहे असें १६४४ सालीं एका ग्रंथांत छापलें गेलें. तें विधान खोटें ठरण्यास २३२ वर्षें लागलीं, आणि तिचे अवयव हातीं येण्यास त्यापुढें आणखी २७. ज्यानें हें चुकीचें विधान जगापुढें मांडलें, त्या फ्रेंच संन्यस्त धर्मगुरूचें चरित्र आम्ही या लेखांत थोडक्यांत देणार आहों. चुकलेल्या मनुष्याचें चरित्र कशासाठीं सांगावयाचें, असें कोणी विचारील; त्याचें उत्तर त्या चरित्रांतच मिळेल अशी आमची खात्री आहे.

मारिन मर्सेन याचा जन्म ८ सप्टेंबर १५८८ रोजीं फ्रान्सच्या मेन प्रांतांत वाझे नांवाच्या लहानशा गांवीं झाला. त्याचे आईबाप अगदीं साधारण स्थितींतले होते. परंतु मुलाचा अभ्यासाकडील ओढा पाहून त्यांनीं त्याला प्रथम जवळच्या ल मां शहरांतील शाळेंत घातलें. पुढें १६०४ सालीं तो ला फ्लेश येथें जेझुइट पाद्र्यांनीं नव्यानेंच काढलेल्या विद्यालयांत दाखल झाला. सुप्रसिद्ध तत्त्वज्ञ रने देकार्त हाहि याच विद्यालयाचा विद्यार्थी. मात्र तो मर्सेनहून साडेसात वर्षांनीं लहान असल्यामुळें त्या दोघांची खरी मैत्री पुढें पॅरिसमध्यें जडली. ला फ्लेश येथील अभ्यास संपवून मर्सेन पॅरिसला गेला, तेथें त्यानें धर्मशास्त्राचें अध्ययन केलें, आणि १६११ सालीं मिनिम नांवाच्या संन्यासी संघांत प्रवेश केला.

मिनिम या शब्दाचा अर्थ सर्वांत लहान असा आहे. पाओला येथील संत फ्रान्सिस यानें हा संघ पंधराव्या शतकांत स्थापिला, आणि संघांतील प्रत्येकानें स्वतःस सर्वांहून लहान मानावें, असा त्यानें दंडक घालून दिला. मांस, अंडीं, दूध व लोणी या लोकांस जन्मभर वर्ज्य असत. प्रार्थना, अध्ययन व अध्यापन यांपलीकडे त्यांस दुसरा व्यवसाय नसे. मर्सेननें कांहीं वर्षें नेव्हेर येथील मठांत तत्त्वज्ञान शिकविलें, आणि १६१९ सालीं तो पॅरिसमधील मठांत परत आला. त्यानंतरचीं एकोणतीस वर्षें, मध्यंतरींचे प्रवास सोडले तर, त्यानें या मठांतील आपल्या खोलींतच काढलीं.

आरंभीं त्याची लेखणी धर्मविषयक वादांकडे वळली होती. बायबलांतील उत्पत्तीच्या पुस्तकावर १६२३ सालीं त्यानें एक प्रचंड टीकाग्रंथ प्रसिद्ध केला व त्यांत नास्तिक, किमयागार व जादूटोणा करणारे यांच्यावर कडक हल्ला चढविला. परंतु जसजसें वय वाढत गेलें, तसतशी त्याची अशी खात्री होत चालली कीं, भोंदूपणाला खरें उत्तर शब्दांच्या वादांत नसून मोजमापांत आणि गणितांत आहे. मग त्यानें स्वतःच मोजमापें घेण्यास सुरुवात केली. वाद्याच्या तारेचा स्वर कशावर अवलंबून असतो हें शोधण्यासाठीं त्यानें फार लांब तारा ताणून पाहिल्या. कारण लांब तारेचीं कंपनें इतकीं मंद असतात कीं, तीं डोळ्यांनीं मोजतां येतात. तार निम्मी केली असतां कंपनें दुप्पट होतात, आणि त्याच तारेवरील ताण चौपट केला असतांहि तीं दुप्पटच होतात, हे नियम त्यानें शोधून काढले. आपल्या ‘विश्वाची सुसंगति’ या अर्थाच्या नांवाच्या ग्रंथांत त्यानें ते १६३६ सालीं मांडले. सतार अगर व्हायोलिन वाजविणाऱ्या कोणासहि त्यांची सत्यता आजहि पडताळून पाहतां येते.

तथापि मर्सेनचें खरें कार्य त्याच्या स्वतःच्या शोधांत नाहीं. तें त्याच्या पत्रव्यवहारांत आहे. त्या काळीं शास्त्रीय मासिकें नव्हतीं. पहिलीं शास्त्रीय नियतकालिकें निघालीं तीं १६६५ सालीं, म्हणजे मर्सेनच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनीं. एखाद्यानें तूलूझ शहरांत कांहीं नवें शोधलें, तर तें हॉलंडमध्यें अगर इटलींत कोणाला कसें कळावें? ही उणीव या संन्याशानें एकट्यानें भरून काढली. ज्याच्याकडे कांहीं शिकण्यासारखें आहे असें त्याला कळे, त्याला तो पत्र लिही. एकाचा प्रश्न दुसऱ्याकडे धाडी, दुसऱ्याचें उत्तर तिसऱ्याला कळवी, आणि उत्तर न आल्यास पुन्हां विचारी. देकार्त व फर्मा यांच्यामध्यें १६३८ च्या सुमारास जो कडाक्याचा वाद झाला, तोहि बव्हंशीं याच्याच हातून पोंचणाऱ्या पत्रांनीं झाला. देकार्तनें १६४१ सालीं आपला तत्त्वज्ञानावरील प्रसिद्ध ग्रंथ छापला, तेव्हां त्यावर निरनिराळ्या विद्वानांचे आक्षेप गोळा करून ग्रंथालाच जोडण्याचें काम मर्सेननें केलें. मित्राच्या ग्रंथावरचे आक्षेप मित्रानेंच गोळा करावे, हें पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. पण आक्षेपांवांचून सत्य शुद्ध होत नाहीं, असा त्याचा विश्वास होता.

त्याच्या या वृत्तीची खरी कसोटी गॅलिलिओच्या बाबतींत लागली. रोम येथील धर्मन्यायालयानें १६३३ सालीं गॅलिलिओला दोषी ठरविलें. त्यानंतर एकाच वर्षानें, म्हणजे १६३४ सालीं, याच धर्मसत्तेच्या सेवेंत असलेल्या मर्सेननें गॅलिलिओचें यंत्रशास्त्र फ्रेंच भाषेंत प्रसिद्ध केलें, आणि १६३९ सालीं त्याच्या नव्या विचारांवर आणखी एक फ्रेंच पुस्तक काढलें. त्यानें धर्मसंघ सोडला नाहीं, आणि जें मोजून खरें ठरतें तें सांगण्याचेंहि सोडलें नाहीं.

मठांतील त्याच्या खोलींत व पॅरिसमधील स्नेह्यांच्या घरीं गणितज्ञांच्या बैठकी भरत. ब्लेझ पास्काल हा आपल्या वडिलांबरोबर तेथें येऊं लागला तेव्हां तो कोंवळा पोर होता; पण पोर म्हणून त्याला कोणी दूर बसविलें नाहीं. हॉलंडमधील तरुण हायगेन्स याला मर्सेननें लंबकाविषयींचा एक अवघड प्रश्न घातला, आणि त्याचें उत्तर हायगेन्सनें कांहीं वर्षांनीं शोधून काढलें. तोरिचेलीनें पाऱ्याच्या नळीचा प्रयोग केल्याची वार्ता मर्सेननें इटलीच्या प्रवासाहून फ्रान्समध्यें आणली. याच प्रयोगावरून पुढें पास्कालनें डोंगराच्या पायथ्याशीं व माथ्यावर पाऱ्याची उंची मोजवून हवेला वजन असल्याचें सिद्ध केलें.

आतां आपण संख्यांकडे वळूं. ६ या संख्येचे १, २ व ३ हे विभाजक मिळविले असतां पुन्हां ६ च येतात. २८ चेहि तसेंच : १, २, ४, ७ व १४ यांची बेरीज २८. अशा संख्यांस प्राचीन ग्रीक लोक परिपूर्ण संख्या म्हणत. युक्लिडनें असें दाखवून दिलें होतें कीं, दोनाच्या एखाद्या घातांतून एक वजा केला असतां जर मूळ संख्या उरत असेल, तर तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या तयार करतां येते. ३ पासून ६, ७ पासून २८, ३१ पासून ४९६, आणि १२७ पासून ८,१२८. म्हणून असे घात शोधणें हा एक मोठा प्रश्न होऊन बसला. घातांक स्वतः मूळ असावा लागतो, हें उघड होतें. पण तेवढें पुरत नाहीं. ११ हा मूळ आहे, तथापि दोनाचा अकरावा घात उणें एक, म्हणजे २०४७, ही संख्या २३ व ८९ यांचा गुणाकार आहे.

या प्रश्नांत मर्सेनचा सर्वांत मोठा आधार म्हणजे तूलूझ येथील न्यायाधीश पिएर द फर्मा. धंद्यानें कायदेपंडित असलेला हा मनुष्य फावल्या वेळीं गणित करी व आपले शोध पत्रांतून कळवी. १६४० सालीं त्यानें असा नियम सांगितला कीं, घातांक मूळ असेल तर अशा संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवांतून एक वजा करून त्या घातांकानें भागल्यास बाकी उरत नाहीं. २३ मधून १ गेला कीं २२, आणि ८९ मधून १ गेला कीं ८८. दोहोंसहि ११ नें भाग जातो. याच नियमाच्या आधारानें दोनाच्या सदतिसाव्या घातांतून एक वजा करून येणाऱ्या संख्येस २२३ नें भाग जातो, हें फर्मानें शोधलें. १६४३ सालीं मर्सेननें त्याला एक बारा अंकी संख्या धाडली व ती मूळ आहे काय असें विचारलें. ती संख्या १,००,८९,५५,९८,१६९ ही होय. फर्मानें उत्तर धाडलें कीं, ती संयुक्त असून ८,९८,४२३ व १,१२,३०३ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा गुणाकार स्वतः करून पाहावा. गुणावयास चार मिनिटें पुरतात. परंतु केवळ गुणाकार हातीं देऊन त्याचे अवयव शोधावयास सांगितलें, तर किती दिवस लागतील याचाहि विचार करावा.

पुढील वर्षीं, म्हणजे १६४४ सालीं, मर्सेनचा भौतिक व गणितविषयक विचारांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेंत त्यानें असें विधान केलें कीं, २५७ पर्यंतच्या घातांकांपैकीं २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ या अकरांपासूनच मूळ संख्या मिळतात, इतर सर्वांपासून संयुक्त. यांतील पहिल्या सातांची सिद्धता पूर्वींच झालेली होती. उरलेल्या चारांची कोणाहिजवळ नव्हती. पंधरा किंवा वीस अंकी संख्या मूळ आहे कीं नाहीं हें ठरविण्यास सारा काळहि पुरणार नाहीं, असें त्यानें स्वतःच त्याच ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. ६७ या घातांकाची संख्या एकवीस अंकी आहे, १२७ ची एकोणचाळीस अंकी, व २५७ ची अठ्ठ्याहत्तर अंकी. म्हणजे ज्या गोष्टीची परीक्षा करणें अशक्य म्हणून तो सांगत होता, तिचाच निर्णय तो देत होता. हा त्याचा दोष होय, आणि तो झांकून ठेवण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

आपली चूक पाहण्यास मर्सेन जगला नाहीं. १६४८ च्या उन्हाळ्यांत तो छातीच्या विकारानें आजारी पडला, आणि वयाचीं साठ वर्षें पुरीं होण्यास एक आठवडा उरला असतां १ सप्टेंबर रोजीं त्याचें देहावसान झालें. त्याचा स्नेही गासेंदी त्या वेळीं जवळ होता. आपल्या मरणानंतर वैद्यांनीं देह चिरून रोगाचें कारण शोधावें, अशी त्याची इच्छा होती. प्रश्न विचारण्याची संवय त्यानें मृत्यूच्या दारांतहि सोडली नाहीं. त्याच्या खोलींत अठ्ठ्याहत्तर निरनिराळ्या व्यक्तींचीं पत्रें सांपडलीं. पास्कालचा डोंगरावरील प्रयोग त्यानंतर अठराच दिवसांनीं पार पडला.

मनुष्य गेला, पण त्याची यादी राहिली. प्रथम स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेल्या ऑयलरनें १७७२ सालीं ३१ ची संख्या मूळ असल्याचें सिद्ध केलें. त्या वेळीं तो जवळजवळ आंधळा झाला होता. मग शंभर वर्षें कोणाचें कांहीं चाललें नाहीं. १८७६ सालीं एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानें एक नवी कसोटी काढली. तिचें पुढें सुधारलेलें रूप असें : ४ पासून आरंभ करावा, वर्ग करावा, दोन वजा करावे, आणि तपासावयाच्या संख्येनें भागून बाकी ठेवावी, मग त्या बाकीचें तेंच करावें. घातांकाहून दोन कमी इतक्या वेळां असें केल्यावर बाकी शून्य आली तर ती संख्या मूळ, नाहींतर संयुक्त. ३१ ही दोनाच्या पांचव्या घातापासून मिळते, म्हणून तिला तीन पायऱ्या. ४ चा वर्ग उणें दोन, १४. १४ चा वर्ग उणें दोन, १९४, त्यास ३१ नें भागून बाकी ८. ८ चा वर्ग उणें दोन, ६२, आणि ६२ ला ३१ नें निःशेष भाग जातो. म्हणून ३१ मूळ. २०४७ ला याच रीतीनें नऊ पायऱ्यांनंतर १,७३६ ही बाकी उरते; म्हणून ती संयुक्त. या रीतींत अवयव शोधावे लागतच नाहींत, हें तिचें वैशिष्ट्य होय. अशा प्रकारच्या कसोटीनें ल्युकानें दाखविलें कीं, १२७ बद्दल मर्सेन बरोबर होता आणि ६७ बद्दल चूक.

म्हणजे आमची एकवीस अंकी संख्या संयुक्त ठरली. पण ती कशाचा गुणाकार आहे हें कोणासच ठाऊक नव्हतें. चोरी झाली हें सिद्ध व्हावें पण चोर सांपडूं नये, तशांतला हा प्रकार होता. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजीं न्यूयॉर्क येथें अमेरिकेंतील गणितज्ञांची सभा भरली असतां कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यानें तिचे अवयव जाहीर केले. त्या प्रसंगाची हकीकत पुढें अशी सांगितली जाऊं लागली कीं, कोल फळ्याजवळ गेला, एका बाजूस दोनाचा सदुसष्टावा घात करून त्यांतून एक वजा केला, दुसऱ्या बाजूस दोन संख्यांचा गुणाकार मांडला, दोन्ही उत्तरें जुळतांच खडू ठेवला आणि एक अक्षरहि न बोलतां जागेवर जाऊन बसला. त्या शोधासाठीं त्यानें तीन वर्षांचे रविवार खर्चिले होते, असेंहि त्या हकीकतींत आहे. ते अवयव असे : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. यांतील पहिल्यांतून एक वजा करून ६७ नें भागल्यास बरोबर २८,९१,१६० येतात व बाकी उरत नाहीं. फर्मानें १६४० सालीं मर्सेनला सांगितलेला नियम येथें २६३ वर्षांनंतर पुन्हां खरा ठरला.

यादीचा पुरता निकाल लागण्यास १९४७ साल उजाडलें. २५७ ची संख्याहि संयुक्त निघाली; आणि ६१, ८९ व १०७ हे तीन घातांक यादींतून गळले होते असें आढळून आलें. त्यांपैकीं ६१ चा शोध १८८३ सालीं पेरवूशिन नांवाच्या रशियांतील एका धर्मोपदेशकानेंच लावला. कित्येकांचा तर्क असा कीं, ६१ च्या ठिकाणीं ६७ हा निव्वळ मुद्रणदोष असावा. पण तसें मानलें तरी ८९ व १०७ यांचा उलगडा होत नाहीं. मर्सेनच्या एकंदर चुका पांच. असें असूनहि या जातीच्या मूळ संख्यांस सारें जग मर्सेनच्याच नांवानें ओळखतें. १९९६ पासून देशोदेशींचे हौशी लोक आपापल्या संगणकांवर त्यांचा एकत्र शोध घेऊं लागले. २०२४ सालीं त्यांस जी मूळ संख्या सांपडली तिचा घातांक १३,६२,७९,८४१ असून ती लिहावयास ४,१०,२४,३२० अंक लागतात. तिची खात्री ज्या कसोट्यांनीं करून घेतली त्यांत ल्युकाचीहि कसोटी होती.

पांच चुका करणाऱ्याला हा मान कां मिळावा? आमच्या मतें याचें कारण असें. परीक्षेंत रीत न दाखवितां नुसतें उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास गुरुजी गुण देत नाहींत, आणि तें योग्यच आहे. मर्सेनच्या यादीसहि सिद्धतेचे गुण कोणी दिलेले नाहींत. परंतु त्यानें आपलें उत्तर संदिग्ध ठेविलें नाहीं. कोणते घातांक होय व कोणते नाहीं, हें त्यानें इतक्या स्पष्टपणें लिहिलें कीं, चूक असेल तर ती पुढें कोणासहि पकडतां यावी. ऑयलर, ल्युका व कोल यांनीं आपापल्या परीनें तें काम केलें, आणि तें करतांना ज्या रीति निघाल्या त्या यादीहून कितीतरी मोलाच्या ठरल्या. जन्मभर दुसऱ्यांचे आक्षेप गोळा करणाऱ्या या संन्याशाच्या स्वतःच्या विधानावर तीन शतकें आक्षेप घेतले गेले, हें त्यालाहि आवडलें असतें असें आम्हांस वाटतें.

आमच्या विद्यार्थ्यांनीं मर्सेनपासून खात्रीवांचून निर्णय देण्याची घाई घेऊं नये. ती त्याची उणी बाजू होय. परंतु जें वाटतें तें स्पष्ट लिहावें, तें जाणत्याकडे धाडावें, उत्तर न आल्यास पुन्हां विचारावें, आणि आपल्याहून लहान वयाचा कोणी बरोबर सांगूं लागल्यास त्याला जवळ बसवून घ्यावें, एवढें अवश्य घ्यावें. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलानें एखादा प्रश्न विचारला व त्याचें उत्तर आपणांस ठाऊक नसलें, तर तो प्रश्न दडपून न टाकतां तो कोणास विचारावा तेवढें सांगावें. मर्सेननें आयुष्यभर मुख्यतः हेंच केलें.